न्याहारी वगळून

तळेगाव दाभाडे, मंगळवार, संध्याकाळ

संताप अजून उतरलेला नाही. बँकॉकच्या हॉटेलात पावाचे दोन तुकडे आणि एका अंड्यासाठी माणशी सहाशे रुपये जादा घेतात, म्हणून मी न्याहारी वगळून खोली निवडली. अकरा हॉटेलांचे दर ताडून पाहिले. सोबत न्यायचे सामानही लिहून काढले: लहान विजेची किटली, भाजलेला रवा, मेतकूट. यात माझे चुकले काय?

तो कागद पत्नीला दाखवला. लग्नाला तीस वर्षे झाली, तरी रागावली की तिच्या माहेरची, जवळच्या इंदुरी गावची बोली वर येते.

"ह्या किटलीत उपमा कोन करनार? तुमी?"

पाच मिनिटांचे तर काम, असे मी म्हणालो.

"मग मी न्हाई येत. त्ये आठ दिवस माहेरी ऱ्हाते. तितं वयनी चहा हातात आनून देती."

एका किटलीपायी परदेशप्रवासाला नकार! आणि विमानात बसण्याची हौस मूळची तिचीच. दर, कर, रद्द करण्याच्या अटी, सारे मी तपासले; किटलीपाशी उभे कोण राहणार, एवढेच तपासले नाही. तीस वर्षांत ते कधी विचारावेच लागले नाही, हे अधिक झोंबते.

शेवटी न्याहारीसह खोली घेतली आणि तसे तिला सांगितले. तांदूळ निवडताना मान वर न करता ती म्हणाली, "आन् उठल्या उठल्या चहा लागतो तुमास्नी. त्यो कोन देनार, त्ये बी लिहून ठेवा."

मग ती हसली. मला अजून हसू आलेले नाही.