टोकाचा दगड

रविवार, ४ ऑगस्ट

हात सोलवटले. पाठ बोलतेय. टेकडीवरच्या बागेतली वरची पायवाट पावसानं उखडलीय, ती नीट करायला आज आम्ही अकरा जण. सगळे बिनपगारी! म्होरके गवंडीदादा. काम सुटल्यावर घरात नुसते बसून होते. ही रविवारची टोळी हाती आली आणि माणूस दहा वर्षांनी तरुण झाला, असं त्यांची बायकोच सांगते.

आज वाटेवर दगडांची तिरकी ओळ बसवली. दादा मला म्हणाले, "पाण्याशी भांडायचं नाही, काकू. जरा बाजूनं जा म्हणायचं, तेही गोडीत." ओळीच्या टोकाला मोठा चपटा दगड. त्याच्यापाशी पाणी वळतं आणि गवतात उतरतं. "हा हलला की ओळ गेली. ओळ गेली की वाट गेली." मला ते आधीच ठाऊक होतं — वाचनालयातल्या पुस्तकात चित्रासकट आहे. तसं मी सगळ्यांना ऐकवलंही. शाळा सातवीत सुटली, पण मिरवायची हौस सुटली नाही.

मंगळवार, ६ ऑगस्ट

तिसऱ्या वळणावर आमचा बाक होता. लाकूड कुजलं म्हणून गेल्या महिन्यात काढून नेला. ह्यांना जाऊन चौदा महिने झाले. तिथं मी शेजारी जागा ठेवून बसायची. आज पाच मिनिटं उभी राहिले आणि परत आले. उभ्यानं काही आठवत नाही.

बुधवार, ७ ऑगस्ट

लिहू की नको? लिहिते.

टोकाचा दगड मी काढला. माती अजून ओली होती, सुटला. ढकलत, लोळवत तिसऱ्या वळणापर्यंत नेला. एका दगडानं काय होतंय, असं म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, जणू कुणी विचारलंच होतं. मग परत जाऊन खड्ड्यात बारके दगड भरले, वर माती थापली. कुणाला कळू नये म्हणून! म्हणजे मला कळत होतं.

बसायला अगदी बेताचा आहे.

शनिवार, १० ऑगस्ट

दिवसभर पाऊस. पुस्तक उघडलं नाही.

रविवार, ११ ऑगस्ट

ओळीखालची वाट वाहून गेली. गुडघाभर घळ! टोळीतल्या नर्सबाई तिच्यात घसरून पडल्या. उजवं मनगट मोडलं. कण्हता कण्हता म्हणतात, "चला, दीड महिना लोकांची सुयांतून सुटका!" सगळे हसले. मीही हसले. हसले मी!

बागेचे साहेब आले. "ओळ कुणी घातली?"

"मी," गवंडीदादा म्हणाले. टोकाशी वाकून बघितलं. पुढे काही बोलले नाहीत.

मीही नाही.

रविवार, १८ ऑगस्ट

साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "दादा, वय झालं आता. घरी आराम करा." दादांनी पहार फडक्यानं पुसली, झाडाला टेकवली आणि उतरू लागले. माझ्या ओठांवर आलं होतं. बाटली उघडून पाणी प्यायले.

सोमवार, १९ ऑगस्ट

लेकीचा फोन. "आई, आवाज असा का गं?" सर्दी झालीय म्हटलं. आता सर्दीही खोटी.

हे असते तर दगड काढायची वेळच आली नसती, असं मघाशी मनात आलं. गेलेल्या माणसावर ढकलायलाही मी मागेपुढे बघत नाही!

गुरुवार, २२ ऑगस्ट

नर्सबाईंकडे गेले. एका हातानं केस विंचरता येत नाहीत त्यांना. वेणी घालून दिली. "काकू, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून चाललंय." मी फणीत अडकलेले केस काढत बसले.

रविवार, २५ ऑगस्ट

सांगितलं! सगळ्यांसमोर, साहेबांसमोर. दगड मी काढला, वाट माझ्यामुळे गेली, दादांचा काही दोष नाही.

साहेब हसले. "काकू, तुमचं मन मोठं आहे. पण कुणाला असं पाठीशी घालू नका. आणि तो धोंडा तुमच्याच्यानं हलेल तरी का?" चला, दाखवते, म्हटलं. "असे दगड टेकडीभर पडलेत." टोळीतल्या शिक्षिकेनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. कुणीतरी खुर्ची आणली. मी बसलेसुद्धा!

खरं बोलले आणि वर कौतुक पदरात घेऊन आले. इतकी लाज तर गप्प बसण्याचीही वाटली नव्हती.

सोमवार, २६ ऑगस्ट

गवंडीदादांच्या घरी गेले. दारातच सगळं सांगितलं.

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "त्या बुधवारी ओळ बघायला आलो होतो. तुम्ही दगड लोळवत होता आणि पदरानं डोळे पुसत होता. रडत्या माणसाला काय हटकायचं? म्हटलं, रविवारी दुसरा बसवू. पाऊस आधी आला."

मी रडत नव्हते. घाम पुसत होते.

तेही सांगितलं.