विहिरीच्या आधी काय झालं

माय, तो सिनेमा तुला आठवत असेल. दुष्काळाच्या साली जळकोटच्या बाजारात तंबू लागला होता आणि खडीवरच्या तुम्ही सगळ्या बायका मिळून गेला होतात. मोठी बहीण घराबाहेर पडते, दार वाजतं, आणि पुढच्या सीनला विहिरीवर गर्दी. मधलं काही दाखवलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी खडी फोडता फोडता बायका भांडतायत. एक म्हणते, "चुलत्यानंच ढकललं बघा." तू हातोडी थांबवून म्हणालीस, "कुनी न्हाई ढकललं गं. धाकट्या भावाला भाकर पुरावी म्हणून आपल्या मनानं गेली ती." मला वाटलं, माझी माय पडद्यामागचंही बघून येते.

त्याच उन्हाळ्यात अक्काला देगलूरकडच्या बिजवराला दिली. तिची शाळा सुटली, माझी राहिली. तू मला जवळ घेऊन म्हणालीस, "आपल्या मनानं गेली रे. तुझ्यासाठी." त्या वाक्यावर मी शिकलो. लातूर जिल्हा झाला तसं कलेक्टर कचेरीसमोर हॉटेल टाकलं. चार टेबलांपलीकडची कुजबुज ऐकून धंदा वाढवला. कान तिखट माझे. दर दिवाळीला अक्काला लुगडं नेलं, देवीला नेतात तसं.

तू गेल्यावर अक्का कसल्याशा दाखल्यासाठी कचेरीत आली, माझ्याकडं उतरली. टीव्हीवर तोच सिनेमा. दार वाजलं, विहीर आली. मी पोरांना शहाणपणानं सांगितलं, "भावासाठी गेली ती, आपल्या मनानं."

अक्का शेंगा फोडत होती. "तुला कुनी सांगितलं?"

"मायनं."

"हाव. माय तसंच सांगती." मग शेंगा खाली ठेवल्या. "पाव्हने आले तवा मी रिकाम्या गोठ्यात गव्हाणीमागं लपले होते. मायनं दंडाला धरून काढलं. न्हाई न्हाई म्हणून लई वरडले रे मी."

माय, नाइलाज होता एवढंच म्हणाली असतीस तरी मी समजून घेतलं असतं. तू मला तिचे उपकार सांगितलेस आणि तिचा नकार गाडून टाकलास. खडीवर, त्या पडद्यावरच्या पोरीवर, तू आधी तालीम करून घेतलीस, असंच आता वाटतं.

हे तुझ्या तोंडावर बोलायचं होतं. आता लिहून तरी कुठं टाकू? पण एक राहिलं. अक्कानं विचारलं, "तू कुठं होतास रे तवा?" आठवत नाही, म्हणालो. आठवतं. पाव्हण्यांनी आणलेला गूळ खात मी ओट्यावर बसलो होतो. गोठा घरामागंच होता, आणि कान तेव्हाही तिखटच होते.