बॉयलर बंद झाल्यावर

३ फेब्रुवारी, सोमवार

बंद झाला! ह्यांच्या धाटावच्या कंपनीतला कोळशाचा बॉयलर आज कायमचा थंड. आता विजेवरचा बसणार, छपरावर सोलर. ह्यांनी एकोणीस वर्षं त्यात कोळसा टाकला — ठेकेदाराकडून. घरी आले, म्हणाले, "झालं गो मालू." जेवले नाहीत.

२ मार्च

आज सकाळी हे खोकल्याशिवाय उठले! किती वर्षांनी. मी मोरीपाशी उभी राहून एकटीच हसले. मग लाज वाटली. माणूस महिनाभर बिनकामाचा बसलाय, नि मला आनंद होतोय. पण होतोय! खोटं कशाला लिहू?

५ मार्च

दोघं मिळून वाल सोलले. हे फार वाईट सोलतात.

११ मार्च

कंपनीत नव्या कामाचं ट्रेनिंग आहे — फक्त परमनंट लोकांना. इलियासभाई ह्यांच्याच पाळीत कोळसा टाकायचे, ते काही ऐकेनात. आज ठेक्यावरचे चौदा जण घेऊन गेटवर बसले. हेही. भाकरी घेऊन मी निडीहून, आमच्या गावाहून गेले, तर साहेब बाहेरच आलेले.

इलियासभाई म्हणाले, "साहेब, इतकी वर्षं धूर आम्ही खाल्ला. आता चांगलं काम आलं, तर आम्ही नाय?"



हे चारचौघांत कधी तोंड उघडत नाहीत. आज उभे राहिले! "काय फुकट नको साहेब. शिकवा आम्हाला."

मला रडूच आलं. पदर तोंडाला लावून उभी राहिले.

१४ मार्च

कंपनीने मानलं! ठेक्यावरच्या माणसांनाही शिकवणार. पण दहावी पास पाहिजे, वय पंचेचाळीसच्या आत. ज्यांचं बसत नाही, त्यांच्या घरातलं एक माणूस घेतील. इलियासभाईंचा मुलगा आमीर जाणार.

हे आठवी, वय बावन्न. आम्हाला मूलबाळ नाही. कोणाला पाठवणार? ह्यांच्या तोंडाकडे बघवेना. मी नुसती आमटी ढवळत राहिले.

१५ मार्च

ह्यांनी कंपनीतून फॉर्म आणला. भरून. वेडंवाकडं अक्षर, पण प्रत्येक रकाना भरलेला. माझ्यापुढे पेन धरलं — "सही कर."

वाचलं. नाव — माझं! शिक्षण — दहावी पास. वय — चाळीस.

"अहो, हे काय!"

"घरातलं एक माणूस म्हणाले ना? मग माझ्या घरात दुसरं कोण हाय गो?"