दोर कुणी ओढला

३ फेब्रुवारी, सोमवार

कोंडिबा गुरुजीला या घरात चहा मिळता कामा नये — हे मी सुनेला कितीदा सांगितलं! सुनेला कान आहेत ते फक्त कुड्या घालायला. आज आला, बशीत ओतून प्याला, परत मागून प्याला, आणि नात वाचत होती ते मध्येच थांबवलं. "काय गं हे? मंगळावर विहीर?" म्हणून हसला. दात पडल्यावर माणसानं हसू नये. आतलं दिसतं.

सुलक्षणा, म्हणजे माझ्या विक्रमची पोरगी, शिक्रापूरला कंपनीत खोकी भरायला पहिल्या पाळीला जाते. दुपारी आली की माझ्याजवळ बसून स्वतः लिहिलेलं वाचते. शेजारची शहाबानो पण येते, तांदूळ निवडत ऐकते. पुस्तक असं — पृथ्वीवरचं पाणी संपतं, आपल्या राहू गावची काही माणसं मंगळावर राहायला जातात. तिथं गंगी नावाची बाई विहीर खणते.

यात हसण्यासारखं काय आहे? म्हणजे पुष्कळ आहे. पण ते मी हसणार. हा कोण?

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज पोरीला रडवलं.

मी विचारलं, "मंगळावर जेवतात काय?"

"गोळ्या, आजी. एक गोळी खाल्ली की दिवसभर भूक न्हाई."

"मग ती माणसं भांडतात कशावरून? सासू सुनेला बोलते कशावरून? भाकरी कच्ची न्हाई, मीठ जास्त न्हाई, कोण आधी जेवलं ते न्हाई. ही माणसं कशाची, ह्या बाहुल्या!"

शहाबानो म्हणाली, "जाऊ दे की गं झुंबर, लेकरू हाय."

सव्वीस वर्षांचं लेकरू. मी म्हणाले, लेकरू असेल तर अंगठा चोखावा, कागद कशाला काळे करते?

पानं घेऊन आत गेली. सुनेनं माझ्यासमोर भाजी आदळली. खाल्ली नाही. हल्ली घास छातीशी अडकतो. सुनेला वाटतं नखरे.

१० फेब्रुवारी, सोमवार

परत लिहून आणलं. आता मंगळावर चूल आहे. पीठ मोजून मिळतं, आणि गंगीची सासू ते चोरते. हां! आता ती बाई मला ओळखीची वाटायला लागली. वाईट आहे. चांगली लिहिली आहे.

तोंडावर नाही सांगितलं. फुगते लगेच.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

वाचनालयाचा वाढदिवस होता. गुरुजी वाचनालयाचा अध्यक्ष. मरेपर्यंत सोडणार नाही. त्यानं मुद्दाम चर्चा ठेवली — राक्षस, जादू आणि परग्रह लिहिणारे लेखक, लेखक म्हणायचे का? एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला सुलक्षणा. माझा विक्रम पहिल्या रांगेत. सोसायटीच्या निवडणुकीला उभा आहे. गुरुजीच्या भावकीची मतं पाहिजेत, म्हणून इस्त्री करून बसलेला.

गुरुजी उठला. साहित्याला मातीचा वास पाहिजे म्हणाला. म्हणाला, "हे जादूवाले लेखक म्हंजी पळपुटे. आन् विज्ञानवाले म्हंजी धड शास्त्रज्ञ न्हाईत, धड लेखक न्हाईत. मेलेलं बोलतंय, परलोकातनं कुणी येतंय — शिकल्या-सवरल्या माणसानं असल्यावर इश्वास ठेवायचा?" टाळ्या! विक्रमच्या सगळ्यात मोठ्या.

सुलक्षणा उभी राहिली. मग म्हणाली, "गुरुजी, तुमच्या मातीच्या पुस्तकात दुष्काळ येतो आन् जातो. मला पुढं बघायचंय. पाणी कायमचंच गेलं तर माणूस माणसाशी कसा वागंल? ते बघायला मला गाव उचलून लांब न्यावा लागतो. इथंच ठेवला तर तुम्ही लगेच म्हणता, आमच्या आळीचं लिहिलं."

बरं बोलली. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, झुंबरआजी सगळं ऐकतात, त्यांना विचारा. गुरुजी म्हणाला, "वहिनी तिसरी शिकलेल्या, त्यांना काय विचारता?"

मग मला बोलावंच लागलं. म्हणाले, "गुरुजी, तुमची मातीची पुस्तकं पोरीनं मला वाचून दाखवलीत. बैल मेला, बाई रडली, पाऊस न्हाई आला. हे मी फुकट भोगलंय. परत वाचायला मी येडी हाय का? आन् हिचे ते लेखक — त्यातले निम्मे चुलीत घाला. एक सगळं यंत्राचंच लिहितो, माणसाचं नावसुद्धा ध्यानात राहत न्हाई. एकाचे राजे, तलवारी, उडणारे साप. साप उडू दे. पण एवढी फौज जेवते कुठं? हागते कुठं? एका पानावर न्हाई! एका बाईनं मात्र लिहिलंय — एका गावात बाजाराच्या दिवशी मेलेली माणसं आपापल्या घरी येतात, आन् घरातलं कुणी पाणी विचारत न्हाई. तेवढं ऐकून शहाबानो उठून घरी गेली, दोन दिवस आली न्हाई. ती बाई लेखक. बाकीचं तुम्ही वाटून घ्या."

लोक हसले. गुरुजी नाही हसला. शेवटी अध्यक्ष म्हणून उठला आणि म्हणाला, "खोकी भरणाऱ्या पोरींनी खोकी भरावीत. असली पुस्तकं या वाचनालयात राहणार न्हाईत." दोन कपाटं मोकळी करायला लावली. लगेच, सगळ्यांदेखत. सुलक्षणानं स्वतःच्या पगारातून आणून दिलेली पुस्तकं होती त्यात.

विक्रमनं पुस्तकं उचलायला हात लावला. गुरुजीच्या बाजूनं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

पोरगी चिडली की बरं लिहिते. गुरुजीला रोज चहाला बोलावलं पाहिजे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज काय वाचलं पोरीनं! गंगीची विहीर लागली. पाणी नाही, नुसता अंधार. मंगळावर यांच्याशिवाय दुसरं कुणी नाही, हे सगळ्यांना पक्कं माहीत आहे. गंगी बघायला म्हणून रिकामी बादली सोडते. दोर ढिला पडतो. ती वर घ्यायला लागते — आणि खालून कुणीतरी दोर ओढतं!

शहाबानोच्या हातातलं सूप कलंडलं.

"कोण हाय खाली?"

"अजून लिहिलं न्हाई, आजी."

"तुला ठाऊक हाय का?"

हसली नुसती. ठाऊक आहे तिला. शहाबानो म्हणते जिन्न असणार. मी म्हणते पलीकडून कुणीतरी आधीच खणत आलाय, पाणीचोर. पोरगी म्हणाली दोन्ही न्हाई. मग कोण? सांगेना. कान पिरगाळला तरी सांगेना.

भाकरी आता दुधात कुस्करूनही उतरत नाही. पेज पिते.

१ मार्च, शनिवार

कोंडिबा गुरुजी गेला. सकाळी आंघोळीला बसला, तो उठलाच नाही. चहा पावडर वाचली.

१० मार्च, सोमवार

नदीवर दहावा होता. आधी प्रवचन, मग भाषणं. चेअरमन, माजी चेअरमन, होऊ घातलेले चेअरमन. माझा विक्रमपण बोलला. केडगावचा जयसिंग, लग्नाची शूटिंग करतो तो, त्याला गुरुजीच्या पोरानं बोलावलेलं. त्याचा तो ड्रोन डोक्यावर घूं घूं करत फिरत होता. आता मेलेल्याच्या पिंडाचीसुद्धा वरून शूटिंग!

पिंड ठेवले. कावळे समोरच्या बाभळीवर बसलेले. एक उतरेना.

मग कबूल करायला सुरुवात झाली. पोरगा म्हणाला, "आबा, आईला सांभाळतो." नाही उतरला. गुरुजीला बायको एवढी प्यारी कधी होती? सून म्हणाली, घरात भांडण करणार न्हाई. नाही. चेअरमन म्हणाला, वाचनालयाला तुमचंच नाव देऊ. तरी नाही. ऊन चढलं. लोक चुळबुळायला लागले, पंगत खोळंबली होती.

तेवढ्यात गुरुजीची लेक भागुबाई म्हणाली, "आबा शेवटी शेवटी एकच बोलायचे. विक्रमची पोरगी हुशार हाय, पण वाया चालली. तिच्यातच जीव अडकलाय त्यांचा."

सगळ्या माना सुलक्षणाकडं वळल्या. विक्रम, माझ्या पोटचा, तिचा दंड धरून तिला पुढं घेऊन आला. "हात जोड. म्हण, इथून पुढं असलं लिहिणार न्हाई."

हीच माणसं! त्या दिवशी टाळ्या वाजवत होती — परलोक खोटा, मेलेलं बोलतं हे खोटं, ते साहित्य नव्हे. आणि आज मेलेला मास्तर कावळ्यात बसून एका पोरीची लेखणी मागतोय, यावर एकालाही शंका नाही.

पोरगी माझ्याकडं बघत राहिली. मला थुंकीसुद्धा गिळता येईना. मी म्हणाले, "बोलून टाक गं. ऊन झालंय."

बोलली. "गुरुजी, मी न्हाई लिहिणार इथून पुढं." एवढंच.

आणि घूं घूं थांबली. जयसिंगनं ड्रोन खाली घेतला होता. "बॅटरी गेली" म्हणाला आणि खोक्यात ठेवला. लगेच कावळा आला, शिवला. मागून आणखी आले, सगळा भात विस्कटला. भागुबाई मोठ्यानं रडली. लोकांनी हात जोडले. चेअरमन विक्रमच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "पोरीनं राखलं."

सगळे पिंडाकडं बघत होते. खोक्याकडं मी एकटीच.

११ मार्च, मंगळवार

सकाळीच सांगितलं सगळ्यांना. कावळे त्या ड्रोनला भ्यायले होते. बॅटरी आधी संपली असती तर चेअरमनच्या बोलण्यावर शिवले असते.

विक्रम म्हणाला, "आई, पापाचं बोलू नगंस." सून म्हणाली, "आत्याबाई, तब्येत बरी न्हाई तुमची, पडा." शहाबानो तेवढी हसली. पदर तोंडात घालून हसली.

दुपारी पोरगी कामावरून आली. म्हणाले, "बस. वाच पुढचं."

"आजी, तूच म्हणालीस बोलून टाक."

"बोलून टाक म्हणाले. पाळ म्हणाले का?"

म्हणाली, "शिवला ना कावळा."

माणसं मंगळावर नेणारी पोरगी, एका कावळ्याला भ्याली! सांगितलं तसं तिला. म्हणाले, गुरुजी खरं तेच बोलत होता, तू खोकीच भर. रडली नाही. मागच्या वेळी रडली होती आणि परत लिहून आणलं होतं. या वेळी नुसती उठली, कपडे धुवायला घेतले.

१५ मार्च, शनिवार

शहाबानो येते, बसते, निवडते, जाते. ऐकायला काही नाही. मी म्हणाले तूच सांग काहीतरी. तिनं तिच्या आजीची जिन्नाची गोष्ट सांगितली. अर्ध्यातच कळलं पुढं काय होणार. तोंडावर सांगितलं. रागावून गेली.

दोर कुणी ओढला?

१८ मार्च, मंगळवार

पोरीला म्हणाले, लिहू नको, नुसतं तोंडानं सांग. कावळ्याला न लिहिण्याचं कबूल केलंस, न सांगण्याचं नाही.

"त्यात काय राहिलं आजी आता. मलाच नीट आठवंना."

खोटं. दोर म्हटलं की तिची मूठ अजून वळते.

विक्रम तिच्यासाठी स्थळं बघतोय. शिरूरचं एक आलं. लिहिणं बंद केलंय, हे तो आवर्जून सांगतो, व्यसन सुटल्यासारखं.

२१ मार्च, शुक्रवार

दौंडला नेलं होतं. डॉक्टरनं नळी घालून आत बघितलं. मग विक्रमला दाराबाहेर नेऊन बोलला. घसा बंद झालाय माझा, कान नाहीत. आखाड बघीन असं डॉक्टरला वाटत नाही.

येताना विक्रम गाडी चालवत रडला. म्हणाले, पुढं बघ, ट्रक आलाय.

घरात कुणाला सांगायचं नाही, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. कबूल करायची सवय आहे त्याला.

२५ मार्च, मंगळवार

सुलक्षणा पेज भरवायला बसली. मी विचारलं नाही काही. तीच चोरून बघत होती, मी विचारते का.

२७ मार्च, गुरुवार

आज जयसिंगला केडगावहून बोलावून घेतलं. माझ्या दहाव्याला ड्रोन त्याचाच. बाभळीवर फिरवत ठेवायचा, जादा बॅटऱ्या आणायच्या. विक्रम काय वाट्टेल ते कबूल करू दे, सून छाती बडवू दे, चेअरमन माझा पुतळा उभारू दे — खाली घ्यायचा नाही. पंगत उपाशी राहिली तर राहू दे. दोर कुणी ओढला ते आधी सुलक्षणानं सांगायचं. नदीवर, मोठ्यानं, सगळ्यांदेखत. दुसऱ्या कुणी उत्तर द्यायचं नाही.