ओवीची बोटं

११ नोव्हेंबर, मंगळवार
डायबेटिसवाल्या मुलांसाठीचं ट्रेनिंग झालं. घसा बसला. शाळांच्या नर्स सिस्टर्स, बहुतेक आईच्या वयाच्या, आणि शिकवणार मी! पोहे-जलेबी येईपर्यंत कोणी धड बघेना. नंतर मात्र मन लावून ऐकलं. दंडावरचा सेन्सर, कमरेचा इन्सुलिन पंप, कुठला अलार्म कशाचा. शेवटी पाठ करून घेतलं : सेन्सर काही म्हणतोय आणि शंका आली, तर बोटाचं रक्त तपासा. बोट खरं.

मागच्या रांगेत रेखाजी, हाताची घडी घालून. "मैडमजी, मैं तो टीवी का रिमोट भी बहू से पूछ के दबाती हूँ।" आणि नेमकी यांच्याच शाळेत आमच्या क्लिनिकची ओवी. तिसरीतली, पंपवाली.

काही सांगायचं राहिलं का? जेवतानाही तेच डोक्यात. बाबा म्हणाले, "पोळी खा. ती परीक्षा नाही घेणार."

१७ नोव्हेंबर, सोमवार
ओवीची आई शाळा सुरू झाल्यापासून फाटकाजवळच्या बाकावर बसते, सुटेपर्यंत. शाळेची अटच तशी. पोलोग्राउंडला एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला आहे. तिथे म्हणालेत, आता या, नाहीतर राहू द्या.

आज शाळेत प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, सिस्टर सांभाळणार असतील तर आईने जावं. सगळे रेखाजींकडे बघायला लागले. त्या खाली बसल्या, ओ.ला म्हणाल्या, "बोल बेटा, मुझे रखेगी?"
ओ.ने बराच विचार केला. "सुई धीरे लगाना।"
ठरलं.

ओ.ची आई बाकावरची गादी काखेत घेऊन निघाली. परत आली. बाटली राहिली म्हणे. बाटली हातातच होती.

२९ नोव्हेंबर, शनिवार
अक्षर घाणेरडं येतंय, येऊ दे.

घरी होते, बाबांसोबत मटार सोलत. रेखाजींचा फोन. ओ. खेळाच्या तासाला खाली बसली, घाम, चेहरा उतरलेला. सेन्सर सांगतोय साखर कमी, बाण खाली. बोट तपासलं तर भलतीच जास्त!
"मैडमजी, आपने कहा था ना, उँगली सच्ची। पंप में नंबर डाला तो इन्सुलिन माँग रहा है। दे दूँ?"

माझं डोकं बंद. कमी असताना इन्सुलिन गेलं तर... आणि माझ्या तोंडून बाबाच बोलले. अगदी त्यांच्या सुरात. "हाथ धुलाए थे?"
"स्पिरिट से पोंछा तो था!"
"पाणी. साबण. कोरडे करा. फोन चालू ठेवा."

नळाचा आवाज. मग रेखाजी, हळूच, "कम है। बहुत कम।" ज्यूस दिला. थोड्या वेळाने मागून ओ.चा आवाज, "इसमें आम वाला नहीं है क्या?" तेव्हा मी श्वास सोडला.

कुणाचा तरी वाढदिवस होता वर्गात. जलेबी वाटायचं काम ओ.कडे. एकही खाल्ली नाही, मम्मीला शब्द दिला होता. फक्त बोटं पाकाने माखलेली. स्पिरिटने पाक कुठला निघतोय. मोजली गेली ती जलेबी.

मी हे शिकवलंच नाही. विसरले असं नाही. शिकवायची गोष्ट आहे असं वाटलंच नाही कधी. आमच्या घरी बाबांच्या शुगर तपासायच्या मशीनला हात लावायचा तर आधी हात धुवायचे. मी पहिलीत असल्यापासून. बाबा महूचे फौजी, धुतलेले हात पालथे करून दाखवावे लागत. श्वास घ्या, असं स्लाइडवर कोण लिहितं?

३० नोव्हेंबर, रविवार
क्लिनिकचे डॉ. सर म्हणाले, पुढच्या ट्रेनिंगमध्ये घाल हे. एवढंच. मला एवढंच पुरेना.

ओ.च्या आईला साखर उतरल्याचं काल कळलं होतं. इन्सुलिन जाता जाता राहिलं, हे नाही. घरी जाऊन सांगितलं. चूक रेखाजींची नाही, माझी, हेही.
ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मग, "ताई, तुम्ही फोन उचलला नसता तर?"
खोटं सांगवेना.
"बघते," म्हणाली. "उद्या बघते."
ओ. दारापर्यंत आली. दोन्ही हात पालथे करून दाखवले. रेखाजींनी शिकवलंय. मी त्यांना कधी सांगितलं होतं बाबांचं? काल रडत रडत फोनवर, बहुतेक.

१ डिसेंबर, सोमवार
क्लिनिकच्या आधी शाळेवरून गेले. जायला नको होतं, पण गेले.

फाटकात रेखाजी, ओ., ओ.ची आई. बाकावरची गादी स्कूटरच्या पायदानावर होती.
रेखाजी तिला म्हणाल्या, "दीदी, आप बैठो तो भी ठीक। मैं बुरा नहीं मानूँगी। पर हाथ तो मैं ही धुलवाऊँगी।"
ओ.ची आई हसली, की तोंड फिरवलं, कळलं नाही. ओ.चा हात धरून नाकाशी नेला, हुंगला. सोडला.
"मम्मी, प्रेअर सुरू झाली!"
पोरगी पळाली. मागून रेखाजी, साडीचा काठ धरून.

ओ.ची आई स्कूटरवर बसली. चालू केली. पाय अजून जमिनीवर.
मला उशीर होत होता. वळेपर्यंत मागून इंजिनाचा आवाज येत होता, एकाच जागेवरून.