मृणूची झोप

श्रीवर्धन,
सोमवार, ९ फेब्रुवारी, दुपार

सौ. दुर्गास,

पुढे अनेक आशीर्वाद लिहायची रीत आहे. पण तुला आशीर्वाद द्यायला सध्या माझं तोंड नाही, म्हणून नुसतंच नाव लिहिलं. इकडे सर्व क्षेम आहे. म्हणजे, असं लिहायचं असतं.

फोन तू घेत नाहीस. मुरुडला केला की दिनानाथ उचलतो आणि म्हणतो, "ताई देवळात गेल्ये." अगं, तुझ्या भावाला धड खोटंसुद्धा बोलता येत नाही. मागून तुझा खोकला ऐकू येतो. आणि दिवसातून चार वेळा देवळात जायला तू काय गुरवीण झालीस? शेवटी कागद घेतला. आजवर तुला पत्र लिहायची वेळ आली नव्हती, कारण तू माहेरी कधी चार दिवसांवर राहिलीच नाहीस.

वाडीचं म्हणशील तर निम्मी सुपारी सोलून झाली. मैना सोलता सोलता रोज विचारते, "काकी कदी येनार?" येईल म्हटलं, तर म्हणते, "तुमी आनाया गेल्याबिगर कशा येतील?" हिला कोणी विचारलंय? पण खरं सांगतो, घर खायला उठतं.

आता आपल्या नातीचं, मृणूचं. तेच आधी वाचायचं असेल तुला. बरी आहे. दूध पिते, पाय झाडते, माझा चष्मा ओढते. शनिवारी डॉक्टरांनी वजन केलं. काटा पुढे सरकलाय. "असंच चालू ठेवा," म्हणाले. ते झोपेचं शिक्षण सईने बंद केलं. रात्री रडली की सरळ उठून पाजते. जीव भांड्यात पडावा अशी ही बातमी. माझा पडत नाही. दुपारी पाठ टेकली तरी डोळा लागत नाही. उठतो, वाडीत जातो, तिथे काही काम नसतं, परत येतो.

तुझ्यासमोरच सगळं सुरू झालं, तरी लिहितो, कारण ते डोक्यातून जात नाही. पाच महिन्यांचं पोर, अंगावर पिणारं, वजन आधीच रडतखडत वाढणारं. आपला देवव्रत पुण्याला, शनिवार-रविवार पाहुण्यासारखा येणार. सुनेची रजा संपत आलेली, जागरणाने तिचे डोळे खोल गेलेले. म्हणून तिने फोनवर कुणा बाईंचा वर्ग लावला. बाळाला जागेपणी पाळण्यात ठेवायचं, आपण खोलीबाहेर यायचं, रडलं तर रडू द्यायचं. रात्रीचं पाजणंही कमी करत आणायचं. मग म्हणे ते आपलं आपण झोपायला शिकतं. तू म्हणालीस, "मला गुटी देऊ दे गं, बघ कशी झोपते ते." सई म्हणाली, "नको आई. डॉक्टरांनी दुधाशिवाय काहीही द्यायचं नाही म्हटलंय." दोन दिवस तुझं तोंड फुगलं होतं. पण तू ऐकलंस. हे मी मुद्दाम लिहितो आहे. तू ऐकलंस.

मग घरात काय ती शांतता! बेल काढली, मिक्सर बंद, सुपारी सोलायला मैना विहिरीपलीकडे, आणि मला शिंक आली तर मागच्या दारी पळायचं. सई फोनवर पावसाचा आवाज लावायची, बाळ झोपावं म्हणून. ऐन जानेवारीत! एकदा मी तो ऐकून अंगणातली सुपारी झाकायला धावलो. तू पदर तोंडात धरून हसलीस. ते हसणं शेवटचं.

कारण त्या शांततेत मृणूचं रडणं कसं ऐकू यायचं! आत ती रडायची, बाहेर सई दाराला टेकून बसायची, घड्याळ बघत, स्वतः रडत. तू स्वयंपाकघरात भांडी आपटायचीस. मी ओटीवर. सुनेवर आवाज चढवायचा नाही हे मी पहिल्यापासून ठरवलेलं. चढवला असता तर फार बरं झालं असतं.

आणि मग एकाएकी पोर झोपायला लागली. सई पळत बाहेर आली, "बाबा, जमलं हो जमलं!" म्हणाली. त्या दिवशी ती कितीतरी आठवड्यांनी दुपारची गाढ झोपली. तिचा चेहरा बघून मला वाटलं, आपल्या हातून पुण्य घडलं.

थांब. जरा पाणी पिऊन येतो.

आलो. तो बुधवारही तुला माहीत आहे. पाजायची वेळ टळून गेली तरी मृणू उठेना. सईने तळवे चोळले, ओल्या फडक्याने तोंड पुसलं, हाका मारल्या. पोर डोळे किलकिले करायची आणि परत मान टाकायची. छातीशी धरली तरी ओठ हलवीना. सई अनवाणीच रिक्षात बसली. तू देवापुढे. मी दारात नुसता उभा होतो, दुर्गे.

डॉक्टर म्हणाले, आज निभावलं. वजन मागच्या खेपेपासून जराही वाढलेलं नाही. झोपेत पोर भूक विसरतं. घरात कुणी जायफळबिफळ देतं का? सई घरी आली ती सरळ फडताळाशी. तुझी गुटीची सहाण काढली, हुंगली. "आई, तुम्ही दिलंत?"

तू म्हणालीस, "नाही गं बाई."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी काय बोललो ते तू विसरली नसशील. "जाऊ दे सई. म्हातारं माणूस आहे, मायेपोटी दिलं असेल."

तू आत गेलीस. पिशवी भरलीस, दिघीची एसटी धरलीस आणि फेरीबोटीने पलीकडे निघून गेलीस.

दुर्गे, जायफळ मी दिलं. आपल्याच झाडाचं. सई आंघोळीला गेली की, आणि तिन्हीसांजेला ती वाळलेले कपडे काढायला गेली की. तुझ्या सहाणेवर उगाळून बोटाने चाटवायचो. पहिल्या दिवशी एक वेढा, मग दोन, मग वेढे मोजायचं सोडलं. देवव्रताला तू किती वेढे द्यायचीस, मी कधी बघितलंच नव्हतं. तुला विचारलं असतं तर तू माझा हात धरला असतास, म्हणून विचारलं नाही. मला फक्त ते रडणं थांबायला हवं होतं. ते भुकेचं रडणं असेल हे डोक्यात आलं नाही. गाढव आहे मी.

आणि तुझं नाव का पुढे केलं? भ्यालो. सई पोरीला उचलून पुण्याला जाईल, पुन्हा माझ्या हाती देणार नाही, एवढंच दिसत होतं. तुझ्यावर आलं तर तू सोसशील. तू नेहमीच सोसतेस. इतका हलकट विचार मी करू शकतो, हे मला या वयात कळलं.

आता रोज काय होतं ऐक. सई म्हणते, "आईंवर मृणूला सोडायचा धीर नाही होणार मला." आणि पुढच्याच मिनिटाला, "बाबा, जरा धरता का हिला?" म्हणून पोर माझ्या हातात देऊन निश्चिंत आत जाते. माझ्या हातात! दोनदा सांगायला तोंड उघडलं. एकदा सुपारीच्या भावाबद्दल बोललो, एकदा म्हटलं, चहा टाक.

तोंडाने होत नाही, म्हणून हे पत्र. पाकीट चिकटवणार नाही. वर लिहिणार आहे, 'सई, आधी तू वाच, मग पोस्टात टाक.' हे तुझ्या हाती पडलं तर समज, तिने वाचलं. मग तू यायचं की नाही, ते तुझं तू ठरव. मी आणायला येईन म्हणतो, पण कोणत्या तोंडाने, ते सुचत नाही.

तू अजून म्हणू देत असशील तर, तुझाच
विश्वंभर

आई,

बाबांनी पाकीट हातात दिलं आणि वाडीत निघून गेले. मी वाचलं. दोनदा वाचलं.

तुम्ही नाही म्हणालात आणि मी विश्वास ठेवला नाही. त्याची माफी कागदावर मागत नाही. शनिवारी देवव्रत आला की आम्ही मुरुडला येतो, तेव्हा समोर मागेन. ती भुकेने रडत होती आणि मी दाराबाहेर घड्याळ बघत बसले होते. ते माझं मला वेगळंच छळतंय.

बाबा जेवले नाहीत. ओटीवर बसलेत. मृणू त्यांना बघून हात पुढे करते. मी तिला त्यांच्याकडे दिलेली नाही. खूप राग आलाय, आई, आणि त्यांच्याकडे बघवतही नाही. तिला त्यांच्या हाती देणं माझ्याने होणार नाही. तुम्ही आमच्याबरोबर परत या, आणि द्यायची असेल तर तुमच्या हातांनी द्या.

सई