बीपी उतरवायचं जंगल

३ फेब्रुवारी
आणि मी तपासणीच्या वेळीही सांगत होतो, आताही सांगतो, गोळी घेणार नाही. पंचविशीत बीपीची गोळी! कंपनीच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, १५०/९६ वर फोर्कलिफ्टवर बसवता येत नाही, हेल्परच राहा. बारा तारखेला परत मोजणार. उतरलं की ऑपरेटर. आईला कासुर्डीला फोन करून टाकला: या महिन्यापासून घरी नऊ हजार पाठवणार. झालंच समजा.

४ फेब्रुवारी
उपाय सापडला. मोबाईलवर बघितलं. जंगलात शांत बसलं की नाडी संथ होते, बीपी उतरतं. फुकट. रूममेट रविराज म्हणाला, मग शेरडांना बीपी होतच नसंल. जळतो. ऑपरेटरसाठी त्यानंही नाव दिलंय.

५ फेब्रुवारी
नाडी मोजणारं घड्याळ घेतलं. हप्त्यावर. काम शास्त्रीय पाहिजे.

६ फेब्रुवारी, संध्याकाळी
कारेगावात जंगल कुठलं! एमआयडीसीमागं फॉरेस्टची जमीन आहे, सुबाभूळ, बाभळी, घाणेरी. चालतंय. तारेजवळ बोर्ड: बिबट्यापासून सावधान. बोर्ड जुना दिसतो. बसलो, डोळे मिटले. मागं काहीतरी वाजलं. उघडले. नाडी ११८. चालत आल्यामुळं.

७ फेब्रुवारी
पाठ झाडाला लावून बसलो, म्हणजे मागची काळजी नको. मग आठवलं, बिबट्या झाडावर चढतो. १२६. पहिले दोन-तीन दिवस नाडी चढतच असणार.

८ फेब्रुवारी
लहानपणी उसाला पाणी धरायला निघालो की आई बजावायची, पान हाललं की जागीच थांब, मोठ्यानं गाणं म्हण. म्हणून आज गात बसलो. गाणं ऐकून फॉरेस्टचे गार्ड भिमाजीमामा मोटारसायकलवर आले. म्हणाले, "अय पैलवान, मरायला दुसरी जागा न्हाई का घावली? ऊस तुटलाय, समदे बिबटे हितंच हायेत. परवा शेळी नेली." घड्याळ १५२. मी पळालो नाही. मामांना एकटं पाठवणं बरं दिसलं नसतं, म्हणून मागं बसलो.

९ फेब्रुवारी
जेवणाच्या सुट्टीत फोर्कलिफ्ट मोकळी उभी होती. नुसता सीटवर बसलो, किल्ली नाही काही नाही. शेजारी प्रेस धाडधाड चाललेली. डोळा लागला. जाग आली ती सुपरवायझर सत्यजीत साहेबांच्या आवाजानं: "उतरा राजे, वरात निघाली का?" घड्याळात नाडी ६८.
घड्याळ खराब निघालं. बदलून घ्यावं लागणार.

११ फेब्रुवारी
पुन्हा फॉरेस्ट. तारेच्या अलीकडूनच. लांबून बघितलं तरी गुण येत असणार.

१२ फेब्रुवारी
साधना सिस्टरनी दंडाला पट्टा बांधला. खोलीच्या खिडकीला लागून कडुनिंब. पान हललं. १६२/१०२. म्हणालो, प्रेसशेजारी मोजा. सिस्टर हसल्या. मी चेष्टा करत नव्हतो.

रात्री
ऑपरेटर रविराज झाला. पेढे आणले. म्हणाला, दिवाळीपासनं गोळी घेतोय, तुला बोललो न्हाई, तू इज्जत काढली असतीस. काढली असती.
गोळी घेतली. नुसती, डॉक्टरीणबाई चुकतात हे दाखवायला.
आईचा फोन आला, "पडलं का रं पैसं?" म्हणालो, सर्व्हर डाऊन आहे.
घड्याळाचा हप्ता गेला, गोळ्या आणल्या. नऊ पुढच्या महिन्यापासून, नक्की.
पाठवले: चार हजार.